एफ-१ व्हिसावर शिकताना अमेरिकेत कायदेशीर काम कसे आणि केव्हा करता येते?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतील एका विद्यापीठात डेटा सायन्सच्या एम. एस. अभ्यासक्रमाला फॉल सत्रासाठी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने शैक्षणिक कर्ज काढले आहे आणि निदान राहण्याजेवण्याचा खर्च आपला आपण भागवावा, अशी त्याची इच्छा आहे. विद्यापीठात आणि बाहेर किती तास काम करता येते, शनिवार-रविवारी रोखीने काम केले तर काही होत नाही असे सिनियर सांगतात ते खरे का, पहिल्या दिवसापासून सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कॅम्पसबाहेरचे काम) देणारे कॉलेज निवडावे का, आणि भारतातील कंपनीचे सध्याचे काम तिकडे बसून ऑनलाइन चालू ठेवता येईल का, असे त्याने विचारले आहे. अमेरिकी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अनेक वर्षांच्या कामाच्या आधारे हे उत्तर देत आहे.

तासांचा हिशेब पुढे येईलच. त्याआधी परवानगी कोण देते, हे समजून घेणे आवश्यक आहे. एफ-१ हा शिक्षणासाठी दिलेला दर्जा आहे. त्यावर काम करण्यास मुळात मनाई असून, जेवढे काम नियमांनी मोकळे केले आहे तेवढेच करता येते. त्यामुळे ‘मनाई कुठे लिहिली आहे?’ असे विचारून उपयोग नाही. ‘परवानगी कुठे लिहिली आहे?’ असे विचारावे लागते. ही परवानगी तीन वाटांनी मिळते. कॅम्पसवरील कामाला नियमांनीच मुभा दिलेली आहे. सीपीटीची परवानगी डीएसओ, म्हणजे सेव्हिस या सरकारी प्रणालीत तुमची नोंद सांभाळणारा विद्यापीठातील अधिकारी देतो आणि ती तुमच्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेश व दर्जाच्या प्रमाणपत्रावर छापून येते. ओपीटीची (मुख्यतः शिक्षण संपल्यावर आपल्या विषयात काम करण्याची मुभा), तसेच आर्थिक अडचणीत कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी यूएससीआयएस हे सरकारी खाते देते आणि तिचे कार्ड टपालाने येते. त्यालाच सगळे ईएडी म्हणतात. आंतरराष्ट्रीय संघटनांमधील इंटर्नशिपसारखे एखाददुसरे अपवाद सोडले, तर कोणी काम देऊ केल्यावर ते या तिन्हींपैकी कशात बसते एवढेच पाहायचे. कशातच बसत नसेल तर ते काम कितीही साधे, कितीही थोड्या तासांचे किंवा कितीही ओळखीच्या माणसाकडचे असले, तरी ते करता येत नाही.

पहिल्या वर्षी तुमच्यासाठी खुला असलेला मार्ग कॅम्पसवरील कामाचाच आहे. ग्रंथालय, संगणक कक्ष, भोजनगृह, वसतिगृहाचे कार्यालय, विभागातील ग्रेडर किंवा ट्यूटरचे काम, टीए (अध्यापन साहाय्यक) आणि आरए (संशोधन साहाय्यक) ही सगळी कामे त्यात येतात. कॅम्पसवरील पुस्तकांचे दुकान किंवा कॅन्टीन एखादी खाजगी कंपनी चालवत असेल, तरी ती विद्यार्थ्यांना सेवा देते म्हणून तिथे काम करता येते. मात्र कॅम्पसवर इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराकडे काम करता येत नाही, कारण त्याची सेवा विद्यार्थ्यांसाठी नसते. सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास ही कमाल मर्यादा आहे. उन्हाळी सुटीत आणि दोन सत्रांमधील सुटीत, पुढच्या सत्रासाठी नाव नोंदवण्याचा तुमचा विचार असेल, तर पूर्णवेळ काम चालते.

या २० तासांबाबत सर्वांत जास्त गोंधळ सरासरीमुळे होतो. समजा, तुम्ही ग्रंथालयात आठवड्याला १२ तास बसता आणि एका प्राध्यापकांसाठी ग्रेडर म्हणून ८ तास देता. बेरीज बरोबर २० होते. परीक्षेच्या आठवड्यात प्राध्यापक म्हणतात, ‘या वेळी उत्तरपत्रिका जास्त आहेत, दोन तास वाढवून टाक, पुढच्या आठवड्यात कमी कर.’ ग्रंथालयाच्या पर्यवेक्षकाला ग्रेडरच्या तासांची कल्पना नसते आणि प्राध्यापकांना ग्रंथालयाच्या. त्या आठवड्याचे २२ तास झाले की नियम मोडला. पुढच्या आठवड्याचे १८ तास तो भंग भरून काढत नाहीत. दोन्ही कामांचा पगार विद्यापीठच देत असल्यामुळे हे तास एकाच पगारपत्रकात शेजारीशेजारी दिसतात. म्हणून एकापेक्षा जास्त कामे असतील तर तासांची वही स्वतः ठेवावी आणि जादा तासांना स्पष्ट नकार द्यावा. प्राध्यापकांना कारण सांगितले की ते समजून घेतात, असा माझा अनुभव आहे. टीए किंवा आरए म्हणून २० तासांची असिस्टंटशिप मिळाली असेल, तर सत्रभर दुसऱ्या कोणत्याही कामाला जागा उरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

काम मिळाल्यावर काही कागदपत्रे करावी लागतात. काम देणाऱ्या विभागाचे पत्र आणि डीएसओचे पत्र घेऊन पगार व करासाठी लागणारा नंबर काढायला सोशल सिक्युरिटी कार्यालयात जावे लागते. देशात आल्यानंतर साधारण १० दिवस थांबून गेले, तर तुमच्या प्रवेशाची नोंद त्यांच्या प्रणालीत दिसण्याची अडचण येत नाही. काम सुरू झाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांच्या आत काम करण्याचा हक्क तपासणाऱ्या आय-९ या फॉर्मसाठी पासपोर्ट, आय-९४ (देशातील प्रवेशाची नोंद) आणि आय-२० दाखवावे लागतात. सोशल सिक्युरिटी नंबर हाती येण्याआधीही काम सुरू करता येते. उलट तो नंबर मिळाला म्हणजे कुठेही काम करण्याची परवानगी मिळाली, ही समजूत मात्र पूर्ण चुकीची आहे. अनेक जण नेमके तिथेच फसतात.

आता पैशांचे वास्तव. अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. अनेक राज्यांत ते यापेक्षा बरेच जास्त आहे. किमान दराने २० तास काम केले तर आठवड्याला १४५ डॉलर होतात. त्यात किराणा, फोन आणि थोडासा घरभाड्याचा वाटा निघू शकतो; शिकवणीची फी निघत नाही. शिवाय कॅम्पसवरील काम मिळेलच याची हमी नसते, कारण पहिल्या सत्रात सगळेच नवे विद्यार्थी एकाच वेळी अर्ज करत असतात. म्हणून पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च कर्ज आणि बचत यांतून भागेल, असाच आराखडा करून निघावे, असा माझा आग्रह असतो. जे विद्यार्थी पहिल्या महिन्यापासून पगार येईल असे गृहीत धरून निघतात, तेच नोव्हेंबरपर्यंत रोखीच्या कामाकडे ढकलले जातात. ते वाईट मुलगे किंवा मुली नसतात. त्यांच्या हिशेबात सुरुवातीलाच एक आकडा चुकीचा धरलेला असतो.

सीपीटी म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कॅम्पसबाहेर केलेले प्रशिक्षण. इंटर्नशिप हे त्याचे नेहमीचे रूप. त्यासाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेले असावे लागते, काम तुमच्या विषयाशी निगडित असावे लागते आणि अभ्यासक्रमात त्याला स्थान असावे लागते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी इंटर्नशिपच्या क्रेडिटला नाव नोंदवावे लागते. तुम्ही ऑगस्टमध्ये सुरुवात करत असल्यामुळे मे महिन्यात तुमची दोन सत्रे पूर्ण होतील आणि पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही सीपीटीस पात्र व्हाल. जानेवारीत, म्हणजे स्प्रिंग सत्रात प्रवेश घेणाऱ्यांची स्थिती वेगळी असते : मे महिन्यात त्यांचे एकच सत्र झालेले असते, त्यामुळे पहिला उन्हाळा बहुधा हातचा जातो. प्रवेशाचे सत्र निवडताना ही गोष्ट क्वचितच कोणी सांगते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवली आहे.

सीपीटी मंजूर झाली की नवा आय-२० मिळतो आणि त्याच्या दुसऱ्या पानावर कंपनीचे नाव, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि काम अर्धवेळ आहे की पूर्णवेळ, हे छापलेले असते. ते पान शांतपणे वाचा, कारण तुमची परवानगी त्या ओळीपुरतीच असते. तिथे १ जून लिहिले असेल आणि कंपनीचा व्यवस्थापक म्हणाला की २९ मे रोजी फक्त सगळ्यांची ओळख करून घ्यायला आणि लॅपटॉप न्यायला ये, तर नाही म्हणावे. पगारी प्रशिक्षणाचा तो पहिला दिवसही कामच आहे. आठवड्याला २० तासांपर्यंतची सीपीटी अर्धवेळ मानली जाते, त्याहून अधिक पूर्णवेळ. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून अधिक झाली, तर त्याच पदवी-स्तरावरील ओपीटीचा हक्क जातो. उन्हाळ्यातील तीन महिन्यांनी त्याला काही धक्का लागत नाही, त्यामुळे ‘सीपीटी घेतली की ओपीटी कमी होते’ ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

आता पहिल्या दिवसापासूनच्या सीपीटीविषयी. नियमात एक अपवाद आहे : पदव्युत्तर अभ्यासक्रमाची गरजच अशी असेल की विद्यार्थ्याने लगेच प्रत्यक्ष कामात उतरले पाहिजे, तर एक वर्षाची अट लागू होत नाही. काही संस्थांनी या अपवादाचाच व्यवसाय केला आहे. ‘आमच्याकडे नाव घाला, पहिल्या आठवड्यापासून पूर्णवेळ नोकरी करा, वर्ग महिन्यातून एकदा’ अशी त्यांची जाहिरात असते. अशा प्रत्येक संस्थेवर बेकायदा असा शिक्का मारता येत नाही. पण त्या कागदावर पुढे कधीतरी सरकारी अधिकारी बारीक नजर टाकणार, हे गृहीत धरावे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी दर्जा बदलण्याचा अर्ज केला की यूएससीआयएस अशा विद्यार्थ्याकडे वर्गातील हजेरी, गुणपत्रके, शुल्काच्या पावत्या, अभ्यासक्रमात ते काम का आवश्यक होते याचे पुरावे, अशी लांबलचक यादी मागते. हजेरी नावापुरती असेल तर उत्तर देणे अशक्य होते.

याआधी जे घडले आहे तेही डोळ्यांसमोर असावे. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील प्लेझन्टन येथील ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला. तिच्या यादीवर हजाराहून अधिक परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतले बहुसंख्य भारतीय होते. काही विद्यार्थ्यांच्या पायाला माग ठेवणारे इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले गेले आणि भारतात त्यावर मोठा संताप उसळला. पुढे जानेवारी २०१९ मध्ये मिशिगनमधील ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चे प्रकरण बाहेर आले. ते विद्यापीठ खुद्द अमेरिकी तपास यंत्रणेनेच बनाव म्हणून उभे केले होते. तिथे एकही वर्ग भरत नव्हता. विद्यार्थी जमवणाऱ्या आठ दलालांवर गुन्हे दाखल झाले आणि पुढच्या महिन्यांत शेकडो विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले, त्यांतही बहुतेक भारतीय होते. सरकारने असे सापळे लावावेत का, यावर मतभेद असू शकतात आणि माझ्या मते त्या विद्यार्थ्यांतील अनेक जण दलालांकडून फसवले गेले होते. पण ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर तेव्हा कोणाच्या फारसे कामी आले नाही. जिथे शिकायचेच नाही अशी संस्था केवळ सीपीटीसाठी निवडू नका, हे माझे या प्रश्नावरचे स्पष्ट मत आहे.

आर्थिक अडचणीतील कामाची तरतूद कमी लोकांना ठाऊक असते. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यानंतर, तुमच्या हातात नसलेली आणि आधी कल्पना नसलेली आपत्ती आली, उदाहरणार्थ खर्च करणाऱ्या पालकाचे उत्पन्न अचानक थांबले, मोठे वैद्यकीय बिल आले, कॅम्पसवरील काम तुमचा दोष नसताना गेले किंवा चलनाच्या दरात मोठा चढउतार झाला, तर डीएसओच्या शिफारशीने यूएससीआयएसकडे कॅम्पसबाहेर काम करण्यासाठी अर्ज करता येतो. मंजुरी एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची असते आणि सत्र चालू असताना मर्यादा २० तासांचीच राहते, पण ते काम तुमच्या विषयाशी संबंधित असण्याची अट नसते. रुपया थोडाफार घसरला एवढ्यावर हा अर्ज उभा राहत नाही. कर्जाची रक्कम, त्या वेळचा दर, आजचा दर आणि त्यामुळे पडलेली नेमकी तूट कागदावर दाखवावी लागते. कार्ड हातात येईपर्यंत काम सुरू करता येत नाही, त्यामुळे संकट आले की संकोच न करता पहिल्याच आठवड्यात डीएसओकडे जावे. विद्यार्थी लाजेपोटी थांबतात आणि वाट चुकीची धरून मग आमच्याकडे येतात, तेव्हा आमचे हात बांधलेले असतात.

ओपीटी हा सगळ्यात मोठा हक्क आहे आणि त्यातले नुकसान बहुतेक वेळा तारखांमुळे होते. प्रत्येक पदवी-स्तराला १२ महिन्यांची ओपीटी मिळते. शिक्षण संपल्यानंतरच्या ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेआधी ९० दिवसांपासून त्या तारखेनंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो आणि डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत तो यूएससीआयएसकडे पोहोचावा लागतो. उदाहरण घेऊ. आय-२० वर शेवटची तारीख १५ मे असेल, तर अर्जाची खिडकी १४ फेब्रुवारीला उघडते आणि १४ जुलैला बंद होते. ओपीटी सुरू होण्याची तारीख तुम्हाला १६ मे ते १४ जुलै या दरम्यान निवडावी लागते. नोकरी हातात नसेल तर उशिराची तारीख निवडणे हिताचे ठरते, कारण ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसच बेकार राहता येते आणि हे दिवस कार्डावरील सुरुवातीच्या तारखेपासून, शनिवार-रविवार धरून मोजले जातात. मात्र तारीख पुढची निवडली म्हणून अर्जही पुढे ढकलू नका. अर्ज फेब्रुवारीतच करावा. मंजुरीला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. जादा शुल्क भरून जलद प्रक्रियेची सोयही आता उपलब्ध आहे. पदवीनंतरची ओपीटी अभ्यासक्रम संपल्यापासून १४ महिन्यांच्या आत संपावी लागते, त्यामुळे फार उशीर केलेल्यांचे महिने कायमचे बुडतात.

येथे एक खाचखळगा आहे. अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेला कॅम्पसवरील कामाचा हक्कही संपतो. त्यानंतरच्या ६० दिवसांत तुम्ही देशात राहू शकता, पण कार्ड मिळून त्यावरील तारीख उजाडेपर्यंत काम करू शकत नाही. विभागातील प्राध्यापक प्रेमाने म्हणतात, ‘जूनपर्यंत प्रयोगशाळेत ये, प्रकल्प संपवून टाकू.’ मे महिन्यात दीक्षान्त समारंभ झाला की त्यांना पगारी कामासाठी नम्रपणे थांबायला सांगावे लागते.

ओपीटीवरील नोकरी तुमच्या विषयाशी थेट निगडित असावी आणि आठवड्याला किमान २० तासांची असावी. स्वतःचा व्यवसाय किंवा एकापेक्षा जास्त मालकही चालतात. मालक, पत्ता किंवा काम बदलले की १० दिवसांच्या आत ती माहिती सेव्हिसच्या पोर्टलवर किंवा डीएसओकडे नोंदवावी लागते. नोंद न केलेली नोकरी प्रणालीला बेकारीच दिसते, ही साधी गोष्ट हातून सुटल्यामुळे चांगली नोकरी असलेल्यांची नोंदही धोक्यात येते. ९० दिवसांचे घड्याळ थांबवण्यासाठी काही कन्सल्टन्सी केवळ कागदोपत्री ऑफर लेटर विकतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ऑक्टोबर २०२० मध्ये अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांत काम करत असल्याचे दाखवल्याच्या आरोपावरून अमेरिकेत १५ जणांना ताब्यात घेण्यात आले होते.

डेटा सायन्सचा अभ्यासक्रम बहुतेक विद्यापीठांत स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतील सीआयपी कोडखाली, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गीकरण क्रमांकाखाली येतो, पण नावावर विसंबू नका. आय-२० वर छापलेला कोडच ग्राह्य धरला जातो. कोड स्टेमचा असेल तर १२ महिन्यांच्या ओपीटीनंतर आणखी २४ महिने मिळू शकतात. २०१६ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे मालक ई-व्हेरिफाय या सरकारी प्रणालीत नोंदलेला असावा, काम पगारी आणि किमान २० तासांचे असावे, आणि आय-९८३ या फॉर्मवर तुम्ही व मालक मिळून प्रशिक्षणाचा आराखडा लिहून द्यावा लागतो. त्यात तुम्ही काय शिकणार आणि तुमच्यावर देखरेख कोण करणार, हे नेमके लिहावे लागते; मालक तुम्हाला दुसऱ्याच कंपनीत पाठवून मोकळा होत असेल, तर हा आराखडा प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. दर सहा महिन्यांनी माहिती पडताळून द्यावी लागते, पहिल्या वर्षाच्या शेवटी आणि प्रशिक्षण संपताना स्वतःचे मूल्यमापन करावे लागते. बेकारीची मर्यादा आधीच्या ९० दिवसांसह एकूण १५० दिवसांपर्यंत वाढते. पहिली ओपीटी संपण्याआधी अर्ज पोहोचला असेल, तर तो प्रलंबित असतानाही १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. कंपनीने तुमच्यासाठी एच-१बी चा अर्ज वेळेत केला आणि तो दर्जा बदलण्याचा असेल, तर ओपीटी संपून एच-१बी सुरू होईपर्यंतचा काळ कॅप-गॅप या तरतुदीने सांधला जातो. जानेवारी २०२५ पासून हे संरक्षण १ एप्रिलपर्यंत वाढवले आहे, पूर्वी ते १ ऑक्टोबरला संपत असे.

रोखीच्या कामाविषयी सिनियर जे सांगतात त्यावर आता येतो. पेट्रोल पंपावर, उपाहारगृहात, किराणा दुकानात किंवा कोणाच्या घरी मुले सांभाळण्याचे रोखीने काम केले तर त्या संध्याकाळी कोणी दार वाजवत नाही, हे खरे आहे. आणि म्हणूनच ते इतके फसवे आहे. परवानगीशिवाय केलेले काम हा एफ-१ दर्जाचा भंग आहे. इतर चुका झाल्या, उदाहरणार्थ अनवधानाने क्रेडिट कमी पडले, तर दर्जा पूर्ववत करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. पण त्या अर्जाची एक अटच अशी आहे की विद्यार्थ्याने बेकायदा काम केलेले नसावे. म्हणजे ज्या एका कारणासाठी दुरुस्तीची खिडकी बंद आहे, नेमके तेच हे कारण. पुढे ग्रीन कार्डच्या फॉर्मवर परवानगीशिवाय कधी काम केले का, असा थेट प्रश्न असतो. तिथे ‘हो’ लिहिले तर जुना भंग समोर येतो आणि ‘नाही’ लिहिले तर सरकारपुढे खोटे बोलल्याचा, त्याहून गंभीर दोष माथी येतो.

याची दुसरी बाजूही आहे आणि तिचे मला जास्त वाईट वाटते. रोखीने काम देणाऱ्याला तुमची अडचण नीट माहीत असते. ठरलेला दर दिला नाही, तास वाढवले, सुटीच्या दिवशी बोलावले, पैसे थकवले, तरी विद्यार्थी तक्रार करायला धजावत नाही. कामगार कायदा कागदावर त्याच्याही बाजूने असतो, पण दर्जा जाण्याच्या भीतीने तो तोंड मिटून बसतो. दुसऱ्याच्या नावावरील खाते वापरून खाद्यपदार्थ पोहोचवणे किंवा टॅक्सी चालवणे यांत याशिवाय ओळख लपवल्याचा आरोपही जोडला जातो.

भारतातील कंपनीचे काम ऑनलाइन चालू ठेवण्याबाबत पगार भारतीय बँकेत जमा होतो, म्हणून चालते, असे सर्रास मानले जाते. अमेरिकी नियमांत नोकरीची व्याख्या करताना काम अमेरिकेच्या हद्दीत केले जाते का, हे पाहिले आहे. पगार कोणत्या देशात आणि कोणत्या चलनात मिळतो, याने ती बदलत नाही. काही वकील या बाबतीत सौम्य मत देतात, पण तुमच्या जागी मी विमानात बसण्याआधी तो राजीनामा दिला असता. सुटीत भारतात आल्यावर तिथे बसून काम करण्यास या व्हिसाची आडकाठी नाही. स्वतःचे फ्रीलान्स काम, पैसे मिळणारे यूट्यूब चॅनेल आणि ऑनलाइन शिकवण्या अमेरिकेत बसून चालवणे याला हेच लागू होते. बँकेतील व्याज, शेअरवरील लाभांश किंवा भारतातील घराचे भाडे यांना मात्र काम मानले जात नाही, त्यामुळे ते निर्धास्तपणे घेता येते.

बिनपगारी कामाचा प्रश्नही येतो. एखादी छोटी कंपनी म्हणते, ‘सीपीटी येईपर्यंत फुकट काम कर, मग पगारावर घेऊ.’ जे काम साधारणपणे पगार देऊन करून घेतले जाते ते फुकट केल्याने स्वयंसेवा ठरत नाही. धर्मादाय संस्थेत अन्नवाटपाला मदत करणे वेगळे आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीचा कोड लिहून देणे वेगळे. विवाहित विद्यार्थ्यांनी हेही लक्षात घ्यावे की एफ-२ वर आलेल्या जोडीदाराला अमेरिकेत कोणतेही काम करता येत नाही.

कराबाबत थोडक्यात. उत्पन्न झाले की १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर हे अनिवासींचे कर-विवरणपत्र आणि अनिवासी दर्जा सांगणारा फॉर्म ८८४३ भरावा लागतो. एफ-१ विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे करासाठी अनिवासी धरले जातात आणि त्या काळात त्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची ७.६५ टक्के कपात होत नाही. अनेक छोट्या कंपन्या ती चुकून कापतात. पगारपत्रक पाहून लगेच परत मागावी. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावटही मिळते, जी इतर बहुतेक अनिवासींना मिळत नाही. बाजारातील सर्वसाधारण कर-सॉफ्टवेअर तुम्हाला निवासी समजून चुकीचा फॉर्म भरून देते, त्यामुळे विद्यापीठाने पुरवलेले अनिवासींसाठीचे साधनच वापरावे.

निघण्याआधी तुमच्या विभागाला आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल पाठवून चार गोष्टी विचारून घ्या : अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड कोणता, उन्हाळी इंटर्नशिपसाठी किती क्रेडिट घ्यावे लागते आणि त्याचे शुल्क किती, ग्रेडर व ट्यूटरच्या जागांचे अर्ज कोणत्या महिन्यात उघडतात, आणि पहिल्या सत्रातील विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप मिळण्याची प्रथा आहे का. आलेली उत्तरे जपून ठेवा. तिथे गेल्यावर मिळणारा प्रत्येक आय-२०, जुना झालेलाही, प्रत्येक ईएडी कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, सगळ्या पगाराच्या पावत्या आणि कॅम्पसवरील तासांची वही यांची एक फाइल करा. काही वर्षांनी एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या वेळी वकील पहिल्याच भेटीत हीच कागदपत्रे मागतो, आणि तोपर्यंत विद्यापीठाच्या प्रणालीतील तुमचे खाते बंद झालेले असते.